जुनी लष्करी बंदूक सुधारायला बसलेल्या पॉल माऊझरनं अशी रायफल बनवली, जी लोक आजही सुधारत बसलेत

माऊझर हे नाव आपल्या कानावर पहिल्यांदा पडतं ते क्रांतिकारकांच्या गोष्टींमध्ये. १९२५ ला काकोरीजवळ रेल्वे थांबवून सरकारी खजिना लुटला गेला, तेव्हा क्रांतिकारकांच्या हातात जर्मन बनावटीची माऊझर पिस्तुलं होती. त्याच्या ११ वर्षं आधी, ऑगस्ट १९१४ मध्ये, कलकत्त्यात रोडा कंपनीच्या मालातून ५० माऊझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं गायब झाली होती. तीही क्रांतिकारकांनीच पळवली होती.

त्यामुळं आपल्याकडं माऊझर म्हणलं की पिस्तूलच डोळ्यासमोर येतं.

पण बाकीच्या जगात माऊझर म्हणजे रायफल. तीही अशी, की जिला बाजारात येऊन सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी लोक तिला सोडायला तयार नाहीत. अमेरिकेत, युरोपात, दक्षिण आफ्रिकेत आजही एखादा हौशी माणूस पणजोबाच्या काळातली लष्करी माऊझर विकत घेतो. तिचा जड लाकडी दस्ता काढून टाकतो, नवी नळी बसवतो, वर दुर्बीण चढवतो आणि शिकारीला नाहीतर नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जातो. या उद्योगाला तिकडं स्पोर्टरायझिंग म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर लष्करी बंदुकीला साध्या कपड्यात आणणं.

गंमत म्हणजे ज्या माणसानं ही रायफल बनवली, त्याच्या आयुष्याची सुरुवातही अशाच उद्योगानं झाली होती. दुसऱ्यानं बनवलेली जुनी लष्करी बंदूक समोर ठेवून तिच्यात काय सुधारता येईल, हे तो बघत बसला होता.

त्याचं नाव पीटर पॉल माऊझर.

तेरावं पोर आणि मठातला कारखाना

दक्षिण जर्मनीत नेकार नदीच्या काठावर ओबर्नडॉर्फ नावाचं छोटं गाव आहे. तेव्हा जर्मनी नावाचा एकसंध देश नव्हता, हे गाव व्युर्टेम्बर्गच्या राज्यात होतं. १८११ मध्ये तिथल्या राजानं गावातल्या एका जुन्या ख्रिस्ती मठात बंदुकांचा सरकारी कारखाना सुरू केला. गावातल्या कित्येक घरांची चूल त्या कारखान्यावर पेटायची.

त्यातलंच एक घर माऊझरांचं. वडील फ्रान्झ आंद्रेआस कारखान्यात बंदुकांचे कारागीर होते. घरात १३ पोरं. २७ जून १८३८ ला जन्मलेला पॉल त्यातला सगळ्यात धाकटा.

शाळेच्या वयातच पॉलही कारखान्यात जायला लागला. घासकाम, जुळवाजुळव, बोल्ट बसवणं हे सगळं तो हातानं शिकला. १८५९ ला सक्तीच्या लष्करी सेवेत त्याचं नाव आलं आणि त्याला लुडविग्सबर्गच्या शस्त्रागारात पाठवण्यात आलं. तिथंही काम तेच, बंदुका दुरुस्त करायचं.

त्या काळात जर्मन राज्यांमध्ये ड्रायझेच्या बंदुकीचा बोलबाला होता. प्रशियानं ती १८४१ मध्येच घेतली होती. नळीच्या तोंडातून दारू ठासायची गरज नाही, मागून बोल्ट उघडायचा, काडतूस ठेवायचं आणि बार काढायचा. त्या काळी ही क्रांतीच होती.

पण तिच्यात खोटी होत्या. काडतूस कागदाचं असायचं. लांब सुई कागद आणि दारू भेदून आत जायची तेव्हा बार व्हायचा. सुई प्रत्येक वेळी जळत्या दारूत भाजून निघायची, गंजायची, मोडायची. बोल्टच्या फटीतून गरम वायू मागं यायचा. आणि प्रत्येक गोळीआधी सुई हातानं वेगळी ताणावी लागायची.

पॉलनं आणि त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या विल्हेल्मनं ही बंदूक घेतली आणि तिच्यात बदल करायला सुरुवात केली. पॉलची महत्त्वाची कल्पना ऐकायला साधी होती. बोल्ट फिरवायचा तर आहेच, मग त्या फिरवण्यातच स्प्रिंग ताणली गेली तर? म्हणजे सैनिकाचं एक काम कमी.

डोकं पॉलचं, पाय विल्हेल्मचे

दोघा भावांनी कामं वाटून घेतली होती. पॉल कामाच्या टेबलावरून उठायचा नाही आणि विल्हेल्म बंदूक घेऊन दारोदार फिरायचा. व्युर्टेम्बर्गनं रस दाखवला नाही, प्रशियानंही नाही. ड्रायझेची बंदूक लढाया जिंकून देत होती, मग दोन गावाकडच्या कारागिरांचं कोण ऐकणार?

शेवटी बंदूक व्हिएन्नाला पोचली आणि तिथं ती सॅम्युएल नॉरिस नावाच्या अमेरिकन माणसाच्या नजरेत भरली. नॉरिस हा रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीचा युरोपातला एजंट. फ्रान्सच्या सैन्याकडं शासपो नावाची बंदूक होती, तीही कागदी काडतुसाची. माऊझर बंधूंच्या युक्तीनं ती धातूच्या काडतुसावर चालवता येईल, असं त्याचं गणित होतं.

म्हणजे परत तेच. जुनी लष्करी बंदूक घ्या आणि तिला नव्या काळात आणा.

१८६७ मध्ये दोघं भाऊ बेल्जियममधल्या लिएज शहरात गेले. पुढच्या वर्षी अमेरिकेत नॉरिस आणि माऊझर यांच्या नावानं पेटंटही निघालं. पण नॉरिसचा सौदा काही जुळला नाही. ठरलेले पैसे यायचे बंद झाले आणि डिसेंबर १८६९ मध्ये पॉल मोकळ्या हातानं ओबर्नडॉर्फला परतला. काही महिन्यांनी विल्हेल्मही आला. सासऱ्याच्या घरातच पॉलनं पुन्हा हत्यारं मांडली.

या सगळ्या फजितीत एक फायदा झाला होता. कागदी काडतुसाचा नाद सुटला होता आणि पॉलची नवी बंदूक सरळ धातूच्या काडतुसासाठी तयार झाली होती.

तेवढ्यात प्रशिया आणि फ्रान्समध्ये युद्ध पेटलं. प्रशिया जिंकली, पण ड्रायझे आता म्हातारी झाली हेही सगळ्यांना कळलं. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य उभं राहिलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माऊझरची ११ मिलिमीटरची एकबारी रायफल स्वीकारली गेली. मॉडेल १८७१.

आता भावांचं नशीब उजळलं असं वाटेल. पण रायफली बनवायचं काम गेलं सरकारी शस्त्रागारांना आणि बड्या कंपन्यांना. ज्यांनी रायफल शोधली त्यांना ऑर्डर मिळाली ती फक्त ३ हजार साइट्सची, म्हणजे नेम धरायच्या पट्ट्यांची.

पुढं व्युर्टेम्बर्गकडून १ लाख रायफलींचं काम आलं तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. एका बँकेला सोबत घेऊन भावांनी गावातला तोच सरकारी कारखाना विकत घेतला. जिथं बाप आयुष्यभर पगारावर राबला, त्या मठाच्या आवारावर १८७४ मध्ये माऊझर नावाची पाटी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारखान्याचा एक भाग आगीत जळाला. तो परत उभा केला, कामही पूर्ण केलं.

१८८२ मध्ये विल्हेल्म गेला. दारोदार फिरणारे पाय थांबले.

स्वतःच्याच देशानं बाजूला ठेवलं

पुढची पाच वर्षं पॉल एकटाच खिंड लढवत होता. १८८७ मध्ये तुर्कस्तानकडून ५ लाखांहून जास्त रायफलींची ऑर्डर आली. एवढं काम करायचं तर भांडवल पाहिजे. त्यातून कंपनीचे शेअर बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीकडं गेले. पॉल तांत्रिक प्रमुख म्हणून राहिला, पण मालकी हातातून सुटली.

त्यात आणखी एक धक्का बसला. १८८६ मध्ये फ्रान्सनं बिनधुराच्या दारूवर चालणारी लेबेल रायफल आणली. एका रात्रीत जगातल्या सगळ्या रायफली जुन्या झाल्या. जर्मनीनं घाईघाईत एक समिती नेमली आणि त्या समितीनं १८८८ ची रायफल बनवली. तिच्यात माऊझरला विचारलंच नाही.

दुसरा असता तर रुसून बसला असता. पॉल मात्र परदेशी गिऱ्हाइकांसाठी कामाला लागला.

१८८९ मध्ये बेल्जियमनं त्याची नवी रायफल घेतली. पट्टीत अडकवलेली पाच काडतुसं वरून अंगठ्यानं एका दमात आत ढकलायची, अशी तिची सोय होती. १८९३ मध्ये स्पेनसाठी ७ मिलिमीटरची रायफल बनली. तिच्यात काडतुसं एकाआड एक अशी दोन रांगांत बसायची, त्यामुळं खाली लोंबणारी पेटी गेली आणि रायफलीचं पोट सपाट झालं. स्वीडनला ६.५ मिलिमीटरची मिळाली. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी माऊझर घेऊन इंग्रजांच्या नाकी नऊ आणले.

१८९८ मध्ये क्युबात सॅन हुआनच्या टेकड्यांवर काहीशे स्पॅनिश सैनिक माऊझर घेऊन बसले होते. समोर हजारो अमेरिकन. अमेरिकनांनी टेकड्या जिंकल्या, पण त्याची किंमत फार मोठी मोजली. त्यानंतर अमेरिकेनं १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल बनवली, तिच्यात माऊझरच्या इतक्या गोष्टी होत्या की अमेरिकन सरकारला माऊझर कंपनीला २ लाख डॉलरची रॉयल्टी द्यावी लागली.

त्या टेकड्यांवर चढणाऱ्यांत एक होते थिओडोर रूझवेल्ट. पुढं ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी तीच स्प्रिंगफील्ड शिकारीचा दस्ता बसवून स्वतःसाठी करून घेतली. १९०९ मध्ये ते ती आफ्रिकेच्या शिकारीला घेऊन गेले. लष्करी रायफलीला साध्या कपड्यात आणण्याचा छंद अमेरिकेत रुजला, तो अशाच लोकांमुळं.

१८९८ ची ती रायफल

५ एप्रिल १८९८ ला जर्मन सैन्यानं अखेर माऊझरचं दार परत ठोठावलं. गेवेर ९८ ही रायफल स्वीकारली गेली. जर्मन भाषेत गेवेर म्हणजे रायफल.

हिच्यात असं काय होतं?

काडतूस फुटतं तेव्हा जेवढा जोर गोळीला पुढं ढकलतो, तेवढाच मागं बोल्टवरही येतो. बोल्टच्या तोंडाशी असलेले दोन जाड पोलादी कान रिसीव्हरमध्ये अडकून हा जोर पेलतात. रिसीव्हर म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा. पॉलनं मागं तिसरा कान दिला. पुढचे दोन दगा देऊन गेलेच, तर हा तिसरा बोल्टला मागं येऊ देणार नाही.

काडतुसाचं कवच फाटलं तर गरम वायू मागं, थेट नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडं येतो. त्यासाठी बोल्टला भोकं ठेवली आणि मागं आडोसा दिला, म्हणजे वायू बाजूला निघून जावा.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे लांबलचक पोलादी पंजा. काडतूस पेटीतून वर येताक्षणी हा पंजा त्याची कड धरतो आणि रिकामं कवच बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. समोर वाघ असो की शत्रू, घाईत बोल्ट अर्धवट ओढला तरी दोन काडतुसं एकमेकांत अडकत नाहीत.

नेम धरणाऱ्याच्या डोळ्याची एवढी काळजी घेणाऱ्या पॉलनं स्वतःचा एक डोळा मात्र गमावला. १९०१ मध्ये आपोआप बार भरणाऱ्या रायफलीची चाचणी करताना हा अपघात झाला. तेव्हा तो ६३ च्या आसपास होता. तरी काम थांबलं नाही.

जाता जाता, काकोरीवालं ते पिस्तूल पॉलनं स्वतः आखलेलं नव्हतं. त्याच्या कारखान्यातल्या फेडेर्ले बंधूंचं ते काम. नाव मात्र मालकाचं लागलं.

शिकाऱ्यांच्या हातात

पॉलच्या हयातीतच कारखान्यातून शिकारीच्या रायफली निघायला लागल्या होत्या. लंडनची रिग्बी कंपनी ओबर्नडॉर्फहून माऊझरचे बोल्ट आणि रिसीव्हर मागवायची आणि त्यावर आपली नळी, आपला अक्रोडाचा दस्ता चढवायची.

यातली एक रायफल आपल्याकडं आली. १९०७ मध्ये कुमाऊंतल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला जिम कॉर्बेटनं मारलं. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्याला पॉइंट २७५ रिग्बी भेट दिली. ही पॉइंट २७५ म्हणजे दुसरं काही नव्हे, पॉलचंच ७ मिलिमीटरचं लष्करी काडतूस, इंग्रजी नावानं. पुढच्या कित्येक शिकारींत ती कॉर्बेटच्या खांद्यावर होती.

पॉल १८९८ ते १९०३ या काळात जर्मन संसदेत खासदार होता. १९१२ मध्ये त्याला सरदारकी मिळाली. २९ मे १९१४ ला ओबर्नडॉर्फमध्येच त्याचा मृत्यू झाला.

त्यानंतर दोन महिन्यांत पहिलं महायुद्ध सुरू झालं. त्याची रायफल लाखोंच्या हातात गेली आणि तिनं लाखोंचे जीव घेतले. हे बघायला तो नव्हता, पण ही बाजू वगळून त्याची गोष्ट पूर्ण होत नाही. सैन्यांना बंदुका विकणं हाच त्याचा धंदा होता.

युद्ध संपलं, रायफली उरल्या

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीला लगाम घातला. माऊझरच्या कारखान्यात मोजमापाची उपकरणं आणि शिलाई मशीन बनायला लागली. उरलेल्या गेवेर ९८ काही जर्मन कारागिरांनी शिकारीच्या रायफली केल्या, तर काहींच्या चक्क छऱ्याच्या बंदुका केल्या.

दुसऱ्या महायुद्धात त्याच रायफलीची आखूड आवृत्ती, के ९८ के, सुमारे १ कोटी ४० लाख एवढी बनली. युद्ध संपल्यावर नॉर्वेनं जर्मनांनी मागं टाकलेल्या रायफलींना अमेरिकन काडतुसाच्या नळ्या बसवल्या आणि पुढं त्याच सांगाड्यावर नेमबाजीच्या रायफलीही बनवल्या. इस्रायलनं आपल्याकडच्या के ९८ के नाटोच्या ७.६२ काडतुसावर आणल्या.

मग सैन्यांनी स्वयंचलित रायफली घेतल्या आणि गोदामं रिकामी व्हायला लागली. १९५० आणि ६० च्या दशकात अमेरिकेत अशा रायफली टपालानं घरपोच मिळायच्या, तेही किरकोळ पैशात. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली ती अशाच टपालानं मागवलेल्या, दुर्बीण लावलेल्या जुन्या इटालियन कार्कानो रायफलीनं. सुरुवातीला तर पोलिसांना ती माऊझरच वाटली होती. १९६८ च्या कायद्यानं टपालानं होणारी विक्री थांबवली आणि जुन्या लष्करी बंदुकांच्या आयातीलाही आडकाठी घातली.

तोवर लाखो घरांत माऊझर पोचली होती आणि गावोगावचे गनस्मिथ कामाला लागले होते.

ते करायचे काय? लष्करी दस्ता पार नळीच्या टोकापर्यंत असतो, तो काढून हलका दस्ता बसवायचा. जुन्या बोल्टचा दांडा आणि वरचं पंखासारखं सेफ्टीचं खटकं दुर्बिणीला आडवं येतं, म्हणून दांडा वाकवायचा आणि खटकं बदलायचं. लष्करी चाप दोन टप्प्यांत दाबावा लागतो, त्याजागी हलका चाप लावायचा. नळीवरची माशी काढायची, रिसीव्हरवर भोकं पाडून दुर्बीण बसवायची. झिजलेली नळी बदलून हव्या त्या काडतुसाची घालायची.

हे सगळं शक्य होतं कारण पॉलनं तो सांगाडा गरजेपेक्षा जास्त मजबूत ठेवला होता.

पण इथंच लोक फसतात. नावात माऊझर असलं म्हणजे ती ९८ असतेच असं नाही. १८९३ आणि १८९५ च्या जुन्या माऊझरला तो तिसरा कान नाही, वायूचा आडोसाही तसा नाही. त्यांच्यावर आजचं जास्त दाबाचं काडतूस चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. ९८ च्या बाबतीतही दांडा वाकवताना आच पुढच्या कानांपर्यंत पोचली की पोलादाचं पाणी उतरतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. बोल्ट बदलला तर काडतुसामागची जागा गेजनं तपासल्याशिवाय बार काढत नाहीत. म्हणून जाणकार हे काम गनस्मिथकडूनच करून घेतात. आपल्याकडं तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं किंवा तिच्यात असे बदल करणंही गुन्हा आहे.

आणखी एक भानगड आहे. ज्या रायफली तेव्हा कवडीमोलानं मिळायच्या, त्यातल्या मूळ अवस्थेत राहिलेल्या आता संग्राहकांसाठी मोलाच्या झाल्यात. सगळ्या सुट्या भागांवर एकच नंबर असेल तर आणखी भाव. एकदा दस्ता कापला, रिसीव्हरला भोक पडलं की ते परत येत नाही. म्हणून आता बरेच लोक आधीच कुणीतरी कापून ठेवलेल्या रायफलीवरच हात चालवतात आणि शाबूत असेल तिला तशीच ठेवतात.

पॉलची गोष्ट कळली की यातलं काय जपायचं हेही कळतं. त्यानं आयुष्यभर जुन्या बंदुकीतली नेमकी खोट शोधली आणि तेवढीच काढली. ड्रायझेतली सुई, कागदी काडतूस, हातानं ताणायची स्प्रिंग, एकेक करत. १८७१ पासून १८९८ पर्यंत तो एकाच बोल्टवर २७ वर्षं काम करत राहिला.

१९४५ नंतर ओबर्नडॉर्फ फ्रेंचांच्या ताब्यात गेलं आणि त्यांनी माऊझरचा कारखाना मोडून टाकला. तिथल्याच काही इंजिनियरांनी १९४९ मध्ये त्याच गावात हेक्लर अँड कॉख सुरू केली. पॉलचा बोल्ट मात्र अजून चालतोय. आज एखाद्या नव्या शिकारी रायफलीच्या जाहिरातीत काडतूस धरून ठेवणाऱ्या पंजाचं कौतुक दिसलं, तर समजायचं की ते ओबर्नडॉर्फच्या त्या तेराव्या पोराचं काम आहे.